आजोबांच्या बंडीची लहान प्रतिकृती : उन्हाळ्यात चाके सैल का पडतात?

आर्वीकर मास्तर

नमस्कार मंडळी,

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या गोठ्यामागे आजोबांची लाकडी बंडी (बैलगाडी) वीसेक वर्षांपासून उभी आहे. तिचे एक चाक काळ्या मातीत वीतभर रुतले आहे आणि मागच्या फळ्यांना वाळवी लागली आहे. ती पुन्हा रस्त्यावर येईल अशी आशा आता कोणालाच उरलेली नाही, म्हणून ती पुरती मोडण्याआधी तिची मापे घेऊन लहान, पण खरी वाटावी अशी प्रतिकृती करावी असे मी ठरवले. दुसरेही एक निमित्त होते. माझी मुलगी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, लाकडी बैलांची जोडी घेऊन बोजारा (मुलांना मिळणारे पैसे-खाऊ) मागायला जाते आणि गेल्या वर्षी परत आल्यावर तिने विचारले, "बाबा, आपल्या बैलांना बंडी काहून नाही?"

खऱ्या चाकाचा व्यास ४ फूट ६ इंच भरला. त्यात १२ आरे (मधल्या ठोकळ्यापासून कडेपर्यंतचे दांडे) आणि ६ पुठ्ठे (कडेचे वर्तुळ करणारे लाकडी तुकडे) आहेत. मी १:८ हे प्रमाण धरले, म्हणजे चाक पावणेसात इंचांचे झाले. जुन्या दाराच्या सागवानी फळीतून पुठ्ठे कापले, तुंबा (चाकाचा मधला ठोकळा) खरादावर करून घेतला आणि आरे हाताने घासले. पुठ्ठ्यांचे सांधे इतके घट्ट बसवले की त्यांतून कागदसुद्धा जाऊ नये. धावेसाठी, म्हणजे चाकाभोवतीच्या लोखंडी कड्यासाठी, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींना बांधतात ती पोलादी पट्टी आणून वळवली व ठोकून बसवली. हे सारे काम गेल्या वर्षी श्रावणात झाले आणि पोळ्याला चाक दिमाखात फिरले. मात्र यंदा मे महिन्यात कपाटातून काढले तेव्हा धाव हातात निघून आली, तीन आरे तुंब्यात खुळखुळत होते आणि गंमत म्हणजे पुठ्ठ्यांचे सांधे मात्र जसेच्या तसे घट्ट होते.

माझे प्रश्न असे आहेत. सांधे घट्ट असताना आरे सैल कसे पडले? धाव खऱ्या चाकाप्रमाणे तापवून बसवली असती तर हे टळले असते काय? सागवान हे लाकूड योग्य आहे काय? आणि शेवटचा प्रश्न प्रमाणाचा आहे. मुलीचा बैल वशिंडापर्यंत ७ इंच उंच आहे, पण त्यात खालची चाकांची पाटी सव्वा इंचाची आहे. पाटी वगळली तर प्रमाण १:१० च्या जवळ जाते, तेव्हा पाटी धरावी की सोडावी?

वाढईचा नातू

मास्तर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे. सांध्यातून कागद जाऊ नये इतके पुठ्ठे घट्ट बसवले, तिथेच चाक फसले.

माझे आजोबा पुलगावच्या बाजूला तीन-चार गावांचे वाढईकाम (सुतारकाम) करीत आणि धाव बसवण्याच्या दिवशी मी भाता ओढायला बसत असे. धाव चढवण्याआधी ते प्रत्येक दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये मुद्दाम फट ठेवीत. लहानपणी मला ती कामातली कसर वाटायची आणि एकदा मी तसे बोलूनही दाखवले, तेव्हा त्यांनी फटीत नख घालून मला दाखवले होते की नख शिरले पाहिजे, बोट शिरता कामा नये. तापलेली धाव थंड होताना आवळते. ती आवळली की पुठ्ठे आत सरकतात, पुठ्ठा आऱ्याला तुंब्याच्या भोकात दाबतो आणि फटी मिटेपर्यंत हा दाब वाढत जातो. फट मिटण्याच्या सुमारास सर्व १२ आरे तुंब्यात गच्च बसलेले असले पाहिजेत.

तुमच्या चाकात फट मुळात नव्हतीच. त्यामुळे धावेने कितीही आवळले तरी सहा पुठ्ठे कमानीच्या दगडांसारखे एकमेकांना रेटून उभे राहिले आणि आऱ्यांवर दाब गेलाच नाही. श्रावणात लाकूड दमट हवेने फुगलेले होते म्हणून हे दोष झाकले गेले. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या हवेत लाकूड आटले. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, ते रेषांच्या आडव्या दिशेने आटते. म्हणून आऱ्याची लांबी तेवढीच राहिली, पण तुंब्याचा घेर कमी झाला, आऱ्याच्या कुसवाची (तुंब्यात शिरणाऱ्या टोकाची) जाडी कमी झाली आणि पुठ्ठ्याची उंचीही केसभर उतरली. पुठ्ठ्याची लांबी मात्र लाकडाच्या रेषेच्या दिशेने असल्यामुळे फारशी बदलली नाही आणि त्यामुळेच तुमचे सांधे घट्ट राहिले.

खऱ्या बंडीचेही उन्हाळ्यात हेच व्हायचे. पेरणीच्या आधी शेतकरी चाके काढून नदीच्या डोहात किंवा नाल्याच्या पाण्यात टाकून ठेवीत, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना आठवत असेल. त्याने तात्पुरते भागे. फारच सैल झाले तर खाती (लोहार) धाव कापून तिचा थोडा तुकडा काढे, पुन्हा जोड मारी आणि नव्याने तापवून चढवी.

तेव्हा नवे चाक करताना क्रम असा ठेवा. लाकूड चिरून पुठ्ठ्यांचे कच्चे तुकडे एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवून पुरते वाळू द्या आणि चाकाची जुळणी जूनच्या पहिल्या पावसाआधी संपवा. आधी तुंब्यात सगळे आरे ठोकायचे, मग पुठ्ठे, शेवटी धाव. पावणेसात इंचांच्या चाकाला दर सांध्यात पाव मिलिमीटरहून थोडी जास्त फट पुरे आहे. जाड पोस्टकार्डाचा तुकडा घालून पाहा. तुंब्याच्या भोकात फेविकॉल लावू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आरा गोंदाने चिकटला की धाव त्याला पुढे दाबू शकत नाही आणि मग सगळा खटाटोप वाया जातो.

पुठ्ठ्याची आखणी करताना एक सोय ध्यानात ठेवा. सहा पुठ्ठ्यांच्या चाकात पुठ्ठ्याच्या बाहेरच्या दोन टोकांमधले सरळ अंतर चाकाच्या त्रिज्येइतकेच असते. त्यामुळे कंपासचे तोंड न हलवता सहा खुणा करता येतात. आजोबा हे काम सुतळी आणि खिळ्याने करीत.

लहान चाके, नागपूर

वर आलेले उत्तर अचूक आहे आणि माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. मी गेली काही वर्षे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शेतगाड्यांच्या प्रतिकृती करतो. तिकडचे छांदिष्ट साधारणपणे १:८ किंवा १:१२ ही प्रमाणे वापरतात, कारण फूट-इंचांत ती सोपी पडतात: १:१२ मध्ये एका फुटाचा एक इंच होतो आणि १:८ मध्ये दीड इंच. त्या गाड्यांना चार चाके असतात, पुढची लहान आणि मागची मोठी. पुढचा आस एका उभ्या खिळीवर वळतो आणि वळताना चाक अडू नये म्हणून काही गाड्यांचा साटा (माल ठेवायची चौकट) मध्ये कमरेसारखा अरुंद केलेला असतो. आपल्या बंडीत यातले काहीच नाही. दोन चाके, एक आस आणि पुढे जुवाकडे निमुळते होत गेलेले दोन लांब दांडे, एवढाच तिचा सांगाडा. म्हणून मला वाटले होते की बंडी दोन महिन्यांत होईल. पहिल्या बंडीला मला सव्वा वर्ष लागले, कारण जिथे भाग थोडे असतात तिथे प्रत्येक भागाची चूक उघडी पडते.

धावेविषयी आता सविस्तर लिहितो. लोखंड दर एक अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाख भागांमागे सुमारे १२ भाग वाढते. तुमच्या खऱ्या चाकाचा परीघ १४ फुटांच्या थोडा वर आहे. धाव ४०० अंशांनी तापवली तर तिचा घेर पाऊण इंचाहून थोडा अधिक वाढतो, आणि एवढ्या वाढीत चौघांनी सांडशीने धरून ती चाकावर बसवणे शक्य होते. तुमच्या १:८ च्या चाकाचा परीघ सुमारे ५३८ मिलिमीटर होतो. तेवढ्याच तापमानाला त्याच्या धावेचा घेर अडीच मिलिमीटरांच्या आसपास वाढेल. प्रमाण तेच असल्यामुळे गणिताने हे जमायला हवे. अडचण वेगळीच आहे. खरी धाव अर्धा इंच जाड असते आणि तुमची दीड मिलिमीटरच्या आसपास. पट्टी जितकी पातळ, तितकी ती लवकर थंड होते, आठपट पातळ पट्टी साधारण आठपट लवकर. चिमट्याने उचलून चाकापर्यंत नेईतो तिची लाली जाते आणि अर्ध्या वाटेत ती चाकावर तिरपी अडकते. शिवाय खऱ्या चाकाच्या पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा जळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण तेवढाच पापुद्रा या चाकावर जळला तर पुठ्ठ्याचा मोठाच हिस्सा कोळसा होतो. मी अशा रीतीने दोन चाके जाळली आहेत आणि त्यांतल्या एकाचा वास आमच्या सौभाग्यवतींना अजून आठवतो.

त्यामुळे मी आता धाव थंडच चढवतो. पट्टीचा आतला घेर लाकडाच्या घेराहून दीड मिलिमीटर कमी ठेवायचा आणि तिची टोके चांदीच्या डाखाने जोडायची, हे काम कोणताही सोनार करून देतो. चाकाच्या मागच्या कडेला कानशीने नाममात्र उतार द्यायचा, चाक सपाट लोखंडावर ठेवायचे, धाव त्यावर ठेवून लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी सारखी खाली उतरवायची आणि दर चार ठोक्यांनी चाक फिरवायचे. पट्टी उतरत जाते तसतसे फटी मिटताना दिसतात, हे पाहण्यासारखे असते. गाठींची पट्टी मात्र वापरू नका. ती पातळ आणि कडक असते, तिला उसळी असते आणि म्हणून ती चाकाला चिकटून बसत नाही. तीच वापरायची असेल तर चुलीतल्या निखाऱ्यांवर लाल करून राखेत पुरून ठेवा, सकाळपर्यंत ती मऊ होते. तरी जाडी कमीच पडेल, म्हणून दुहेरी करावी लागेल.

लाकडाविषयी माझे मत सागाच्या विरुद्ध आहे. साग उत्तम लाकूड आहे, पण त्याची छिद्रे आणि वर्षवलये मोठी असतात आणि लहान आऱ्यावर ती बटबटीत दिसतात, जणू आठपट मोठे झाड वापरले आहे. प्रतिकृतीला दाट, बारीक पोताचे लाकूड लागते. हळदू मिळाला तर घ्या, तो पिवळसर असतो, खरादावर छान उतरतो आणि पटाशीखाली फुटत नाही. इंग्लंडमध्ये तुंब्याला एल्म, आऱ्यांना ओक आणि पुठ्ठ्यांना अॅश असा ठरलेला वाटप असे. एल्मच्या रेषा एकमेकांत गुंतलेल्या असल्यामुळे भोके पाडताना तो उभा चिरत नाही. आपल्याकडे तुंबा, आरे, पुठ्ठे या सगळ्यांना बाभूळ चालते, चाकाला तिवसही नावाजलेला आहे, आणि आसाला धावडा, कारण तो वाकतो पण सहजासहजी मोडत नाही. प्रतिकृतीच्या तुंब्यासाठी मीसुद्धा बाभळीचाच तुकडा वापरतो. पावणेसात इंचांच्या चाकाचा तुंबा सव्वा इंचाच्या आतबाहेर असेल, त्याच्या घेरात १२ भोके पाडायची म्हणजे दोन भोकांमध्ये तीन-साडेतीन मिलिमीटरच लाकूड उरते. तिथे हळदूही कधी कधी दगा देतो.

हळदू जुन्या बंडीसारखा करडा करायचा असेल तर बाभळीची साल पाण्यात उकळून तो काढा दोनदा लावा आणि वाळवा. मग गंजलेले खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये भिजवून गाळलेले पाणी कुंचल्याने फिरवा. सालीतला तुरट अंश आणि लोह यांच्या संयोगाने लाकूड डोळ्यांदेखत काळपट होते. सुरुवातीला हे पाणी फार पातळ घ्या, नाहीतर बंडी जळाल्यासारखी दिसेल.

दोन गोष्टी खऱ्या बंडीवर अवश्य तपासा. चाकाच्या तोंडावर कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि दोरीपासून आऱ्यांचे अंतर मोजा. इंग्रजी गाडीचे चाक बशीसारखे खोलगट असते आणि त्यासाठी आसाची टोके किंचित खाली वाकवलेली असतात, त्यामुळे खालचा, भार घेणारा आरा उभा राहतो. बंडीचे चाक पाहून तसे गृहीत धरू नका, मोजून ठरवा. तसेच तुंब्यातली भोके एकाच रेषेत आहेत की एक पुढे, एक मागे अशी आहेत, हेही पाहून घ्या.

काकाजी, दारव्हा

मास्तर, वरच्या दोघांनी चाकाचे सांगितले ते योग्यच आहे. मला बंडीच्या तोलाविषयी लिहायचे आहे, कारण लहान प्रतिकृती करणाऱ्यांचे त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची बंडी भरताना धुरकऱ्याची (बंडी हाकणाऱ्याची) खरी परीक्षा चाकावर होत नसे, ती भार कुठे पडतो यावर होई. भार आसाच्या मागे गेला की बंडी उलाळते आणि चढावर जू बैलांच्या मानेवरून वर उठते. पुढे गेला की बैलाच्या मानेवर ओझे बसते आणि संध्याकाळपर्यंत खांदा सुजतो. जाणता धुरकरी शेवटचे बोचके ठेवण्याआधी धुरा (दांड्यांचे पुढचे टोक) एका हाताने उचलून पाही.

तुमच्या प्रतिकृतीत हे कसे येईल? जू सुटे असताना बंडीची धुरा किंचित खाली यायला हवी, पण बोटाच्या टोकाने सहज उचलली गेली पाहिजे. बहुतेक प्रतिकृती मागे उताण्या पडतात आणि मग करणारे पुढे लपवून शिशाचा तुकडा लावतात. तसे करण्याआधी आस अर्धा इंच मागे सरकवून पाहा.

प्रमाणाच्या प्रश्नात तुम्ही उगीच वशिंडाच्या मागे लागला आहात. जू वशिंडावर बसत नाही, ते त्याच्या पुढे मानेवर बसते. म्हणून बैलाच्या मानेची जमिनीपासूनची उंची मोजा आणि पाटी अवश्य धरा, कारण बंडीला पाटीशी कर्तव्य नाही, जू कुठल्या उंचीवर येते याच्याशी आहे. तुमच्याकडे गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी असेल तर तिच्या मानेचे माप घ्या, आणि नसेल तर खुद्द बंडीच सांगेल: साटा सपाट धरून टेकू द्या आणि जुवाची उंची मोजा. ती ४ फुटांच्या जवळ आली आणि लाकडी बैलाची मान जमिनीपासून ६ इंचांवर असली, तर तुमचे १:८ बरोबर आहे. बैल अंगाने लठ्ठ आणि पायाने आखूड दिसेल, त्याला इलाज नाही. तान्ह्या पोळ्याचा बैल करणाऱ्याने तो मोजून केलेला नसतो, आणि तसा तो करू नये असेही माझे मत आहे.

बंडीखाली वंगणाची बांबूची नळी लटकत असे, ती विसरू नका. एरंडेलात भिजवलेली चिंधी तीत असायची. आणि तट्टा (बंडीच्या कडेची बांबूची विणलेली भिंत) बाजारातल्या चटईच्या तुकड्याचा करू नका. बुरुडाकडून हिरव्या बांबूच्या दीड मिलिमीटरच्या पट्ट्या काढून घ्या आणि स्वतः विणा. चटईची वीण इतकी मोठी असते की बंडी खेळणे वाटू लागते.

आर्वीकर मास्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबण्याचा धीर नव्हता, म्हणून कालचा रविवार मी बंडीखाली घालवला आणि मातीत रुतलेले चाक शेजारच्या दोघांच्या मदतीने मोकळे केले.

जुवाची उंची टेकू देऊन ३ फूट ११ इंच भरली आणि मुलीच्या बैलाची मान पाटीसह ६ इंचांना गुंजभर कमी आहे. त्यामुळे १:८ कायम राहील आणि काकाजींच्या म्हणण्याप्रमाणे पाटी धरली जाईल. दोरी ताणून पाहिले तेव्हा चाक जवळजवळ सपाट निघाले, तुंब्यातली भोके मात्र एकाआड एक पुढे-मागे आहेत. मी पहिल्या चाकात ती सरळ एका रेषेत पाडली होती आणि खुळखुळणाऱ्या तीन आऱ्यांपैकी दोन नेमके अशा ठिकाणी होते जिथे दोन भोकांमधले लाकूड चिरले होते. हे मला भिंग लावल्यावरच दिसले.

एक नवी अडचण मात्र पुढे आली आहे. दोन्ही चाके सारखी नाहीत. रुतलेल्या चाकाचा व्यास अर्ध्या इंचाने कमी आहे आणि त्याच्या पुठ्ठ्यांची रेष वेगळी आहे. आई सांगते की १९७२ च्या दुष्काळानंतर एक चाक नवे घ्यावे लागले होते आणि तेव्हा पैसे नसल्यामुळे दुसऱ्या कोणाच्या तरी मोडलेल्या बंडीचे चाक आणून बसवले. १:८ मध्ये हा फरक दीड मिलिमीटरचा होतो. तो तसाच ठेवावा की दोन्ही चाके सारखी करावीत?

वाढईचा नातू

तसाच ठेवा, मास्तर. फक्त धाव वळवताना दोन्ही चाकांचे घेर वेगवेगळे मोजून पट्ट्यांवर खडूने खूण करा, नाहीतर मोठ्या चाकाची पट्टी लहान चाकावर चढवाल आणि ती पुन्हा मे महिन्यात हातात येईल.